शनिवार रात्रीचा कट्टा

कॉलेजात प्रत्येकाचा एक कट्टा असतो. पण ज्यांना कट्ट्यावरही जपूनच बोलावं लागतं, त्यांनी आपली जागा कुठे शोधली? न्यूयॉर्कच्या ख्रिस्तोफर स्ट्रीटवरून मुंबईच्या आर्थर बंदर रोडवर आणि तिथून थेट आपल्या देहूरोडला येणारी ही गोष्ट.

तुमचा कट्टा कुठला? कॉलेजच्या गेटसमोरची चहाची टपरी, लायब्ररीच्या पायऱ्या, पार्किंगमधली पडकी भिंत, काहीही असू शकतं. आमचा कट्टा देहूरोड स्टेशनजवळ आहे. लोकल चुकली की चहा, आणि लोकलला वेळ असला तरी चहा. आकुर्डी-निगडीच्या कॉलेजांतून परतणारे आम्ही, चाकणला सेकंड शिफ्टला निघालेले दादा लोक, डेपोतून सुटलेले काका, सगळे तिथेच टेकतात. कट्ट्यावर काय होतं? खरं तर काहीच नाही. टाइमपास, सबमिशनचं रडगाणं, क्रशचे किस्से, एकमेकांची खेचाखेची. पण आठवडाभर कट्ट्यावर गेलं नाही तर काहीतरी हरवल्यासारखं वाटतं, हे तुम्हालाही माहीत आहे.

मागच्या वर्षी याच कट्ट्यावर एक जोक झाला. समोरून जाणाऱ्या एका मुलाच्या चालण्यावरून. शब्द इथे लिहीत नाही, तुम्ही ते ऐकलेत, कदाचित वापरलेही असतील. सगळे हसले. मीही हसले. ग्रुपमधला एक मित्र मात्र मोबाईलमध्ये डोकं घालून बसला होता.

दोन-तीन महिन्यांनी आकुर्डीहून लोकलने येताना, दारात उभं असताना तो म्हणाला, ‘तुला एक सांगायचंय. मी गे आहे. कट्ट्यावर नको बोलूस.’ मला काय बोलावं ते सुचेना. मग तो शांतपणे म्हणाला, ‘त्या दिवशी तू पण हसली होतीस.’

देहूरोड आलं, आम्ही उतरलो. कट्ट्याकडे न वळता प्लॅटफॉर्मच्या टोकाच्या बाकावर बसलो. तो म्हणाला, ‘तू पत्रकारिता शिकतेस ना? मग एक शोधून काढ. माझ्यासारख्यांचा कट्टा कुठे असतो?’

हा लेख म्हणजे त्या प्रश्नाच्या मागे लागून केलेला गृहपाठ आहे. त्याच्या परवानगीने लिहितेय. नाव लिहिणार नाही आणि तुम्हीही अंदाज लावत बसू नका.

उत्तर होतं: बार

शोधायला लागल्यावर पहिलं उत्तर मिळालं ते थोडं अनपेक्षित होतं. जगातल्या बऱ्याच शहरांत, बरीच वर्षं, समलिंगी माणसांचा कट्टा म्हणजे बार. गल्लीतला, कोपऱ्यावरचा, साधा बार.

लगेच ‘पार्टी कुठे?’ म्हणू नका. महाराष्ट्रात कायद्याने बिअरसाठी वयाची 21 आणि कडक दारूसाठी 25 वर्षं पूर्ण व्हावी लागतात, म्हणजे आपल्यापैकी निम्म्या लोकांचा प्रश्न इथेच मिटला. हा लेख दारूबद्दल नाहीच. बारच का, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचं उत्तर सोपं आहे. घरी सांगता येत नाही. ऑफिसात कळलं तर नोकरी जाईल. देवळात, लग्नात, नातेवाइकांत तर विषयच काढायचा नाही. उरतं काय? अंधार असलेली, अनोळखी लोकांची, पैसे टाकून बसता येईल अशी जागा. चहाची टपरी उघड्यावर असते, बारला दार असतं. ते दार लावता येतं.

हाताने झाकलेला ग्लास

अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहरात ‘ज्युलियस’ नावाचा एक जुना बार आहे. ग्रीनविच व्हिलेज भागातला, गल्लीच्या कोपऱ्यावरचा. 1960च्या दशकात तिथे दारू विकण्याचा परवाना देणारं सरकारी खातं फार कडक होतं. बारमध्ये समलिंगी गिऱ्हाईक जमतात असं कळलं की ‘बेशिस्त जागा’ असा शिक्का बसून परवाना जाण्याची भीती असे. म्हणून बारवालेच अशा गिऱ्हाइकांना बाहेर काढत.

21 एप्रिल 1966 या दिवशी मॅटाशीन सोसायटी या समलिंगी हक्कांच्या संघटनेचे काही तरुण सूट-टाय घालून, सोबत पत्रकार घेऊन बाहेर पडले. बारमध्ये जायचं, आपण समलिंगी आहोत हे आधी सांगायचं आणि मग ड्रिंक मागायचं, एवढाच बेत. एक-दोन ठिकाणी जमलं नाही. शेवटी ते ज्युलियसमध्ये आले. त्यांनी ओळख सांगितली आणि बारवाल्याने समोरच्या ग्लासवर आडवा हात ठेवला. देणार नाही. नेमका तो क्षण फोटोग्राफरने टिपला. तो फोटो शोधून नक्की बघा. घोषणा नाही, मोर्चा नाही, दगडफेक नाही. एक ग्लास आणि त्यावर एक हात. एवढ्या साध्या गोष्टीत माणसाला ‘तू इथला नाहीस’ हे सांगता येतं.

आपल्याकडे हे चित्र नवीन नाही. पाणवठ्यावरून, हॉटेलातल्या वेगळ्या कपावरून इथे काय काय झालं ते आपण शाळेत शिकलोय. म्हणून तो फोटो बघताना मला न्यूयॉर्क फार लांब वाटलं नाही.

फळ्या ठोकलेल्या खिडक्या

ज्युलियसपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, ख्रिस्तोफर स्ट्रीटवर, ‘स्टोनवॉल इन’ होता. हे नाव तुम्ही ऐकलं असेल. पण ही जागा काही भारी वगैरे नव्हती बरं का! 1967मध्ये माफियाच्या लोकांनी तिथे समलिंगी लोकांसाठी बार सुरू केला. प्रेमापोटी नाही, पैशापोटी. ज्यांना दुसरीकडे जाता येत नाही त्यांच्याकडून जास्त पैसे उकळता येतात, हा साधा हिशेब. दारूत पाणी, ग्लास धुवायला काउंटरमागे वाहतं पाणीसुद्धा नाही. खिडक्या आतून फळ्या ठोकून बंद केलेल्या. दाराला बघायचं भोक, ओळख पटली तरच आत प्रवेश. पोलिसांना हप्ता जायचा, तरी धाडी पडायच्याच. धाड पडतेय असं कळलं की आतले पांढरे दिवे लागत आणि नाचणारी मुलं झटकन एकमेकांपासून लांब होत.

28 जून 1969. रात्रीचा एक वाजून गेलेला. धाड पडली, पण या वेळी लोक पांगले नाहीत. बाहेर गर्दी जमली, त्यात घरातून हाकललेली, रस्त्यावर राहणारी पोरंही होती. पुढच्या काही रात्री तो परिसर पेटलेला राहिला. वर्ष झालं तेव्हा, 28 जून 1970 रोजी, त्या घटनेच्या आठवणीत न्यूयॉर्कमध्ये मोर्चा निघाला. आज जगभर निघणाऱ्या प्राइड मार्चचं मूळ तिथे आहे. गंमत म्हणजे तो बार त्यानंतर काही महिन्यांतच बंद पडला होता. पुढे त्या जागेत दुसरी दुकानं आली, पुन्हा बार आला आणि 2016मध्ये अमेरिकेच्या सरकारने त्या परिसराला राष्ट्रीय स्मारक केलं. हप्ते देऊन चालणारा, फळ्या ठोकलेला बार आणि राष्ट्रीय स्मारक! मधे फक्त 47 वर्षं.

आता तिसरा बार. सॅन फ्रान्सिस्को शहर, कॅस्ट्रो नावाचा भाग, चौकातला कोपरा. ‘ट्विन पीक्स टॅव्हर्न’. 1972मध्ये दोन बायकांनी हा बार सुरू केला आणि एक साधीच गोष्ट केली. रस्त्याच्या बाजूला मोठमोठ्या काचा बसवल्या. बास. आत बसलेला माणूस बाहेरून दिसणार आणि बाहेरचा रस्ता आतून. तोवर असे बार म्हणजे अंधार, पडदे, फळ्या. इथे पहिल्यांदा माणसं उजेडात बसली. 2013मध्ये त्या शहराने या बारला वारसा वास्तूचा दर्जा दिला, तो या काचांच्या इतिहासामुळे.

फळी ते काच. माझ्या मित्राच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला इथे मिळालं. नुसती जागा असून भागत नाही, त्या जागेला खिडकी आहे का हेही विचारावं लागतं.

आणि आपल्याकडे?

आपल्याकडे बारमालकाचा परवाना जाईल असा प्रश्न नव्हता. आपल्याकडे कलम 377 होतं. इंग्रजांनी 1860च्या भारतीय दंड संहितेत घातलेलं. जन्मठेपेपर्यंतची शिक्षा लिहिलेलं. खटले फारसे उभे राहत नसत, पण धमकी द्यायला कलम पुरेसं होतं. ‘पोलिसांत देऊ’ आणि ‘घरी सांगू’ ही दोन वाक्यं म्हटली की समोरचा पाकीट काढून देणार, हे भामट्यांना पाठ होतं.

अशा काळात, 1990मध्ये, पत्रकार अशोक राव कवी यांनी मुंबईत ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक सुरू केलं. 1994मध्ये ‘हमसफर ट्रस्ट’ उभा राहिला आणि सांताक्रूझजवळ वाकोल्याला महापालिकेच्या इमारतीत त्यांना जागा मिळाली. म्हणजे बघा, कायदा ज्यांना गुन्हेगार म्हणत होता, त्यांना बसायला खोली महापालिकेच्या इमारतीत! भेटायला या, बोला, तपासणी करून घ्या, एचआयव्हीबद्दल माहिती घ्या.

आणि मग कुलाबा. गेटवेपासून चालत जाता येईल असा आर्थर बंदर रोड. तिथे सत्तरच्या दशकात ‘स्लिप डिस्क’ नावाचा डिस्को होता. 1972मध्ये ‘लेड झेपेलिन’ या जगप्रसिद्ध बँडचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट तिथे येऊन वाजवून, गाऊन गेले होते. रॉकप्रेमी मंडळी अजून तो किस्सा सांगतात. त्याच जागी पुढे ‘वूडू’ हा पब आला. आठवड्याच्या इतर दिवशी पर्यटक, खलाशी, कुलाब्यातली नेहमीची गर्दी. पण शनिवारची रात्र वेगळी. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतर बरीच वर्षं शनिवारी रात्री वूडूमध्ये मुंबईचे समलिंगी पुरुष जमायचे. पाटी नव्हती, जाहिरात नव्हती. एकाने दुसऱ्याला सांगायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला.

मुंबईत समलिंगी बार होता का, असं विचारलं तर काटेकोर उत्तर ‘नाही’ असं आहे. आठवड्यातली एक रात्र होती. सहा दिवस तुम्ही बँकेत कारकून, कॉलेजात विद्यार्थी, घरातला लग्नाचा मुलगा. सातव्या रात्री काही तास, तुम्ही.

त्या काही तासांत काय होत असेल? तेच, जे आपल्या कट्ट्यावर होतं. काहीच नाही. गाणी, गप्पा, ‘तो आज आला नाही का?’, कुणाचं तरी जुळलं, कुणाचं तरी तुटलं. फरक एवढाच की तोंडातून वाक्य बाहेर पडण्याआधी ते तपासावं लागत नव्हतं. ‘ती’ म्हणायचं की ‘तो’ म्हणायचं, हा हिशेब काही तास बंद.

1998मध्ये ‘गे बॉम्बे’ हा गट इंटरनेटवरून सुरू झाला. त्यांनी भाड्याच्या जागा घेऊन पार्ट्या सुरू केल्या, सिनेमे दाखवले, आणि मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट म्हणजे आई-वडिलांच्या बैठका घेतल्या. मुलगा गे आहे हे कळल्यावर आईनेही बोलायचं कुणाशी? तिलाही कट्टा लागतोच.

हे सगळं भीतीच्या सावलीत चाललं होतं हे विसरू नका. जुलै 2001मध्ये लखनौत पोलिसांनी एचआयव्हीविषयी काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना पकडलं आणि त्यांना दीड महिन्याहून जास्त काळ तुरुंगात काढावा लागला. ते तर जनजागृती करत होते. मग शनिवारी रात्री नाचायला गेलेल्या मुलाच्या पोटात किती मोठा गोळा येत असेल?

आता वूडू नाही. तिथे कुणी पाटी लावलेली नाही, स्मारक तर लांबच. स्टोनवॉलच्या नशिबात जे आलं ते वूडूच्या आलं नाही.

देहूरोडहून वूडू किती लांब?

हा प्रश्न मी मुद्दाम स्वतःला विचारला. समजा 1998 साल आहे आणि देहूरोडच्या एखाद्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्या वीस वर्षांच्या मुलाला वूडूबद्दल कळलं. कळणार कसं, हाच पहिला प्रश्न. समजा कळलं. शनिवारी दुपारी लोकलने लोणावळा, तिथून मुंबईची गाडी, स्टेशनवर उतरून कुलाब्याची बस. घरी काय सांगायचं? रात्री परतायचं कसं? पहाटेपर्यंत स्टेशनवरच बसायचं. खिशात गाडीभाडं, पबची एंट्री आणि आत गेल्यावर एक कोल्ड्रिंक तरी घ्यायला पैसे हवेत. वर आतली भाषा बरीचशी इंग्रजी. कपडे कुलाब्याचे. आपला मुलगा दारापर्यंत पोचला असता तरी आत गेला असता का?

बारच्या इतिहासातली ही बाजू सांगायलाच हवी. बार पैसेवाल्यांसाठी उघडा असतो, बाकीच्यांसाठी अर्धाच. आणि मुख्यतः पुरुषांसाठी. मुलींना रात्री उशिरा एकटीने बाहेर राहणंच कठीण, तिथे अशा जागी कुठून जाणार? मुंबईत 1995मध्ये ‘स्त्री संगम’ हा गट सुरू झाला, नंतर तो ‘लेबिया’ या नावाने ओळखला गेला. पुण्यात समलिंगी स्त्रियांच्या एका गटाने इंग्रजी नावाची आद्याक्षरं जुळवून स्वतःचं नाव ठेवलं ‘ओलावा’. काय सुंदर नाव आहे ना! त्यांच्या जागा म्हणजे कुणाचं तरी घर, कुणाची तरी खोली, एक फोन नंबर.

बुधवार पेठेतली खोली

आपल्या भागासाठी खरा बदल झाला तो बारमुळे नाही, एका छोट्या ऑफिसमुळे. बिंदुमाधव खिरे हे पुण्याचे इंजिनिअर. सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात होते. होय, तेच काचेच्या खिडकीचं शहर. तिथे 1986पासून ‘त्रिकोण’ नावाचा दक्षिण आशियाई समलिंगी लोकांचा गट काम करत होता. त्या गटाशी त्यांचा संबंध आला. तिथेच राहिले असते तर आयुष्य सोपं गेलं असतं. ते परत आले आणि 2002मध्ये पुण्यात ‘समपथिक ट्रस्ट’ सुरू केला. ऑफिस कुठे? बुधवार पेठेत. मराठीत बोलणारं, दिवसा उघडं असणारं, एंट्री फी नसलेलं. हेल्पलाइन, समुपदेशन, पुस्तकं. त्यांची ‘पार्टनर’ ही कादंबरी मराठीत आहे. इंग्रजी न येणाऱ्या मुलाला आपल्यासारख्याची गोष्ट आपल्या भाषेत वाचायला मिळाली, हे किती मोठं काम आहे, याचा विचार करा.

पुणे विद्यापीठात इंग्रजी शिकवणारे आर. राज राव यांची ‘द बॉयफ्रेंड’ ही इंग्रजी कादंबरी 2003मध्ये आली, तिच्यात मुंबईचं हे जग येतं. म्हणजे कुलाब्यातला बार, बुधवार पेठेतलं ऑफिस आणि विद्यापीठातला वर्ग, एकाच दशकात तिन्ही जागा तयार होत होत्या.

11 डिसेंबर 2011 रोजी पुण्यात पहिला प्राइड मार्च निघाला. साधारण शंभरेक माणसं होती. दिल्ली उच्च न्यायालयाने 2 जुलै 2009 रोजी समलिंगी संबंध गुन्हा नाही असं म्हटलेलं होतं, त्यामुळे हवा बदलली होती. आणि मग बरोबर दोन वर्षांनी, 11 डिसेंबर 2013 रोजी, सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. तारीख तीच! शेवटी 6 सप्टेंबर 2018 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने कलम 377 मधून सज्ञान व्यक्तींच्या संमतीचे संबंध वगळले. त्या लढ्यातल्या याचिकाकर्त्यांमध्ये एक नाव होतं केशव सुरी यांचं. ते हॉटेल व्यवसायातले, आणि त्यांच्या हॉटेलांमधला ‘किटी सू’ हा क्लब समलिंगी आणि ट्रान्स लोकांच्या कार्यक्रमांसाठी उघडपणे ओळखला जातो. बारची गोष्ट अशी फिरून सर्वोच्च न्यायालयात पोचली.

आता कट्टा खिशात आहे. खरंच?

हे सगळं मी मित्राला सांगितलं. तो म्हणाला, ‘मस्त. पण आता बार कोण शोधतंय? ॲप आहे की.’ त्याने फोन उघडून दाखवला. अमुक मीटरवर एक जण, तमुक मीटरवर दुसरा. देहूरोड, तळेगाव, निगडी, चाकण. 1998च्या त्या मुलाला आपल्यासारखा एकही माहीत नव्हता, याला शंभर दिसतात. बदल मोठा आहेच.

मग मी चौकोन नीट बघितले. बहुतेकांवर फोटोच नाही. कुणाचा धड दिसतो, डोकं नाही. कुणी झाडाचा फोटो लावलाय, कुणी गाडीचा. स्टोनवॉलच्या खिडकीवरच्या फळ्या आठवल्या.

तो पुढे म्हणाला, ‘यातल्या कुणाबरोबर मी बसून नुसता चहा पिऊ शकत नाही. कुठे बसायचं? कुणी बघितलं तर?’ आणि भीती नुसती बघण्याची नाही. खोटं प्रोफाइल काढून एखाद्याला निर्जन जागी बोलावायचं, मारहाण करायची, व्हिडिओ काढायचा आणि ‘घरी पाठवू’ म्हणून पैसे उकळायचे, असे प्रकार मोठ्या शहरांत पोलिसांपर्यंत गेलेले आहेत. न गेलेले किती, देव जाणे. कलम गेलं, पण जुनं वाक्य तसंच राहिलं: ‘घरी सांगू.’

ॲपवर माणूस सापडतो, पण ॲपला बाक नसतो. तिथे शेजारी बसून कुणी ‘अरे, चेहरा का पडलाय?’ असं विचारत नाही. कुणी मोठा, सगळं पाहिलेला माणूस ‘अशा ठिकाणी एकटा जाऊ नकोस’ असं सांगत नाही. वूडूतल्या शनिवारी निदान ते होत असणार. समपथिकच्या खोलीत तर नक्कीच.

देहूरोडला जागेची किंमत माहीत आहे

आपल्या गावाबद्दल एक गोष्ट. 25 डिसेंबर 1954 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली. धर्मांतराच्या जवळजवळ दोन वर्षं आधी. आजही तिथे दर वर्षी मोठी गर्दी होते. ज्यांना दुसऱ्यांच्या दारात उभं राहू दिलं जात नव्हतं, त्यांनी स्वतःची जागा उभी केली, ती आपल्या डोळ्यांसमोर आहे. दोन्ही लढे सारखे आहेत असं मी म्हणत नाही, प्रत्येकाचं दुःख वेगळं आणि इतिहासही वेगळा. पण ‘हक्काची जागा’ म्हणजे काय, हे देहूरोडला न्यूयॉर्ककडून शिकायची गरज नाही, एवढं नक्की.

म्हणून मला वाटतं, देहूरोडला गे बार हवा का, हा प्रश्न मित्राने विचारलाच नव्हता. त्याचा प्रश्न कट्ट्याबद्दल होता. आणि कट्टा आपल्याकडे आहे. तो स्टेशनजवळच आहे. अडचण एवढीच की तिथे तो रोज येतो, चहा पितो, आमच्या जोकवर हसल्यासारखं करतो आणि तरी तो तिथे नसतो. त्याच्या ग्लासवर हात कुणी ठेवला होता? कुठल्या सरकारी खात्याने नाही. आम्हीच. मीसुद्धा.

त्यानंतर काय झालं? फार काही नाही. पुढच्या वेळी तसाच जोक झाला तेव्हा मी हसले नाही. ‘यार, काहीतरी नवीन आण’ एवढंच म्हणाले. क्षणभर सगळे गप्प झाले, मग विषय बदलला. मित्राने मोबाईलमधून डोकं वर काढलं. त्याने अजून कुणाला काही सांगितलेलं नाही. सांगायचं की नाही, कधी आणि कुणाला, हे तोच ठरवेल. ते काम तुमचं-माझं नाही.

हे पान आमच्या कट्ट्यावर येईल, हे मला माहीत आहे. कुणीतरी मोठ्याने वाचेल, कुणीतरी कमेंट मारेल. तो तिथेच बसलेला असेल आणि ऐकत असेल, कोण काय म्हणतंय ते. तुमच्या कट्ट्यावरही हे पान उघडं असेल, तर तिथेही कुणीतरी ऐकत असेल. आता तुम्ही काय म्हणता, त्यावर त्याचा कट्टा ठरणार आहे.

चौकट: हे माहीत असू द्या

• दोन सज्ञान व्यक्तींमधले संमतीचे समलिंगी संबंध 6 सप्टेंबर 2018 पासून गुन्हा नाहीत. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम 377 नाही.

• ‘घरी सांगू, व्हिडिओ टाकू’ म्हणून पैसे मागणं ही खंडणी आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 308 खाली तो गुन्हा आहे. गुन्हेगार धमकी देणारा आहे, तुम्ही नाही.

• पैसे देऊ नका. चॅट, नंबर, स्क्रीनशॉट जपून ठेवा. तातडीची मदत हवी असेल तर 112, ऑनलाइन फसवणूक झाली असेल तर 1930.

• ॲपवरच्या अनोळखी व्यक्तीला पहिल्यांदा भेटायचं तर गर्दीच्या जागी, दिवसा. कुठे जातोय हे एका तरी विश्वासू माणसाला सांगून ठेवा.

• मन फार जड झालं असेल तर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनला 14416 वर फोन करा. मराठीतही बोलता येतं.

• मित्राने किंवा मैत्रिणीने विश्वासाने सांगितलं, तर ते तुमच्याजवळच राहू द्या. ‘फक्त एकालाच सांगितलं’ हेसुद्धा सांगणंच असतं.